हाडांनी ठेवून घेतलेलं शिसं

आमच्या स्टील प्लांटमध्ये सॅम्पल घेतल्याशिवाय काही आत जात नाही. खनिजाची मालगाडी येवो की चुनखडीची, आधी त्यातलं थोडं लॅबमध्ये येतं, कुटलं जातं, तपासलं जातं. त्या लॅबमध्ये मी अख्खी नोकरी काढली. फॉस्फरस जरा चढला की मी असा भडकायचो, जणू भट्टी सासऱ्यानं मला आंदण दिली होती.

आणि घरी? घरी शेजारच्या चरोद्याचा एक रेल्वेवाला दोस्त प्लास्टिकच्या डब्यातून करडी पावडर आणून द्यायचा. डब्यावर ना कंपनी, ना पत्ता. "साहब, जड़ी-बूटी और भस्म है. हड्डी लोहा बन जाएगी." पोलादाच्या गावात हे वाक्य कोणावरही चालतं, माझ्यावर तर फारच चाललं. दोस्ताच्या डब्याचं कोणी सॅम्पल घेतं का!

मुलगी तेव्हा शाळेच्या टीममध्ये बास्केटबॉल खेळायची. रोज दुधातून एक चमचा. ती नाक दाबून प्यायची आणि पेला रिकामा होईस्तोवर मी समोरून हलायचो नाही.

"अजी, पोरीले मळमळते म्हणते, तं कावून पाजून राहिले?" बायको म्हणायची.

"तुले केमिस्ट्री समजते का?" मी विचारायचो, आणि वाद तिथंच संपायचा.

मी स्वतःही घ्यायचो. पोटात पीळ पडायचा, कोठा साफ व्हायचा नाही. "जहर बाहर निकल रहा है," दोस्त म्हणाला. ते मी कॉलनीभर सांगत फिरलो. मुलगी कॉलेज संपवून, लग्न करून पुण्याला गेली तेव्हा तिची पावडर सुटली. माझी चालूच राहिली.

यंदा ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. त्याच सुमाराला माझं हिमोग्लोबिन पडलं. डॉक्टरणीनं रक्त तपासलं, तर त्यात शिसं. खोटं कशाला सांगू, मला आनंदच झाला. प्लांटनं मला शिसं चारलं! युनियनच्या ऑफिसात चहावर मी असं भाषण ठोकलं, की एकानं टाळीसुद्धा वाजवली.

डॉक्टरणीनं विचारलं, "घरी काय काय घेता?" मी छाती फुगवून डबाच नेऊन दिला. तपासून आला. शिसं त्यात होतं, भरपूर. युनियनच्या ऑफिसापुढून जाणं मी सोडलं.

"रक्तातलं हळूहळू उतरेल," ती म्हणाली. "पण हाडांना शिसं आणि कॅल्शियम वेगळं ओळखता येत नाही. शिसं आलं की ठेवून घेतात. वर्षानुवर्षं."

मी समजूतदारपणे मान हलवली. केमिस्ट ना मी.

"घरात आणखी कोण घेत होतं?"

"मुलगी. पण तिनं सोडून खूप वर्षं झाली."

"कुठे असते ती?"

"सध्या घरीच आहे. सहावा महिना चालू आहे."

डॉक्टरणीचा आवाजच बदलला. पोटातल्या बाळाची हाडं घडायला लागली, की आईची हाडं आपलं कॅल्शियम सोडतात, आणि जुनं शिसंही सोबत सुटतं, म्हणाली. बाळापर्यंत पोचतं. "उद्याच घेऊन या तिला."

घरी सांगताना मी शिशाचे गुणधर्म सांगत बसलो. बायकोनं मधेच तोडलं, "सरळ सांगा ना जी, लेकराले काय होईन?"

मी पुन्हा कॅल्शियमपासून सुरुवात केली.

मुलीच्या रक्तात शिसं निघालं. फार नाही, पण पोटातल्या जिवाला किती चालतं, याचा आकडा कोणाकडेच नाही. शिसं ओढून काढणारं औषध या अवस्थेत देता येत नव्हतं. कॅल्शियमच्या गोळ्या, नीट जेवण, महिन्याच्या महिन्याला रक्त तपासणी. पुढच्या महिन्यात आकडा थोडा चढलाच.

तो कागद हातात धरून मुलीनं मला विचारलं, "बाबा, हे शाळेपासूनचंच आहे ना? तुम्ही पाजलेलं?"

"हो."

"म्हणजे एक थेंबही वाया नाही गेला तुमचा."

मी हसायला तोंड उघडलं, कारण घरात असे टोमणे मारायचं काम माझं असतं. ती हसत नव्हती. आता ती तपासणीला आईला घेऊन जाते. मी विचारलं, मीही येऊ का, तर म्हणाली, "नका येऊ. तुम्ही तिथं डॉक्टरला समजावत बसाल."

नववा लागलाय. दोघी सकाळीच तपासणीला गेल्यात, अजून फोन नाही.