मोठ्यानं घेतलेली मापं

मास्तर गेले आणि त्यांची मुलगी माहेरी आली ती शिवणाचं दुकान विकायचं ठरवूनच. गिऱ्हाईकही मिळालं होतं; संध्याकाळी ते किल्ली न्यायला येणार होतं. राहता राहिली आत्या. मास्तरांची ही थोरली बहीण लग्न न करता भावाकडेच राहिली. दुकानामागच्या खोलीत बसून काजं-बटणं करते, असं सगळे धरून चालले होते. तिला शहरात न्यायचं, बाल्कनीत खुर्ची टाकून द्यायची, की झालं! आत्या 'हो' म्हणाली नव्हती आणि 'नाही'ही म्हणाली नव्हती. तिला विचारलं होतं कुणी?

मास्तरांचं नाव मोठं होतं. त्यांचा कोट अंगावर चढला की पोक आलेला माणूसही ताठ चालायचा. खोड एकच. मापं घेताना असे ओरडायचे की वाटावं, भांडण लागलंय. "छाती अडतीस! बाही तेवीस!" लिहून काही घेत नसत. लोक म्हणत, काय डोकं आहे!

दुपारी दार उघडं बघून पोस्टमन डोकावला. निवृत्तीच्या कार्यक्रमासाठी त्यानं कोटाचं कापड आधीच देऊन ठेवलं होतं, माप तेवढं राहिलं होतं. "जुनं माप चालायचं नाही," पोटावर हात फिरवत तो म्हणाला. निदान माप देऊन दुसऱ्या शिंप्याकडे पाठवू, म्हणून मुलीनं टेप घेतली आणि पुटपुटत आकडे मोजू लागली.

"अगं, मोठ्यानं बोल की!" पडद्याआडून आत्या म्हणाली. "मला इथं काय कप्पाळ ऐकू येणार?"

मुलीनं पडदा सारला. कापायचं टेबल, खडू, मोठी कात्री, आणि कान देऊन उभी असलेली आत्या.

"म्हणजे बाबांना शिवता...?"

"कात्रीवर हात चालत नव्हता बिचाऱ्याचा. जीभ मात्र साखर! आणि बाईनं शिवलेला कोट तेव्हा घातला असता कुणी? दोघांनी मिळून एक मास्तर उभा केला."

मुलीला राग आला, रडूही आलं. "आणि तू जन्मभर गप्प बसलीस?"

"गप्प कुठली? गावभर माझेच कोट हिंडत होते." आत्यानं टेबलावरची कात्री उचलली. "बाल्कनीत बसून मी काय करू गं? हातांना काम नसलं तर मरेन मी."

मुलीनं आधी गिऱ्हाइकाला फोन केला, येऊ नका म्हणून सांगितलं. मग टेप आत्याच्या हातात दिली.

आत्या बाहेर आली. ज्याला पडद्याच्या फटीतून बघत इतकी वर्षं कपडे शिवले, त्याच्यासमोर ती पहिल्यांदाच उभी होती. अंमळ बावरली. मग तिनं त्याच्या पाठीवर टेप धरली.

"थैलीनं डावा खांदा उतरलाय तुमचा. आतून भर घालून देते."

"अगदी हेच म्हणायचे हो मास्तर!" पोस्टमन चकित होऊन म्हणाला.

"त्यांना मीच सांगायचे," आत्या म्हणाली.