फुईनं घातलेल्या वेण्या

फुई गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावला ऑफिसात होते. साक्रीकडच्या आमच्या गावी पोचले तोवर अंगणात मंडप पडला होता आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळकभाऊ बोलायला उभे राहिले होते. ‘भगिनी शेवंता आज्ञाधारक होत्या. शृंगाराला त्यांनी कधी थारा दिला नाही...’ सगळे ‘आमेन’ म्हणाले. माझ्या तोंडून निघालं नाही. महिना होऊन गेला, अजूनही निघत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

शेवंताफुई माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं. आमच्या घरात प्रभूचं नाव आलं तेही तिच्यामुळे, आणि रविवारी प्रार्थनेत पहिलं गाणं तीच उचलायची. मी सातवीत असताना हे पाळकभाऊ नवे आले नि त्यांची शिकवण सुरू झाली, की बाईनं केसांना कात्री लावू नये, आणि केस गुंफू नका असं शास्त्रात आहे, तेव्हा मुलींनी वेणीसुद्धा घालायची नाही. अंबाडा बांधा, डोक्यावर ओढणी घ्या. इकडे शाळेचा नियम असा, की लाल रिबिनीच्या दोन वेण्या, नाहीतर वर्गाबाहेर. एकीकडे देव, एकीकडे हेडमास्तर! मंडळीतल्या माझ्या बरोबरीच्या मुलींच्या आईबापांनी सोपा मार्ग काढला... पोरींना शाळेतून काढून घरी बसवलं.

फुईनं तसं केलं नाही. रोज सकाळी मला गुडघ्यांत धरायची, खोबरेल थापायची आणि डोळ्यांत पाणी येईल इतक्या घट्ट वेण्या घालायची. ‘हालू नको व माय, शाळामा जानं शे ना तुले?’ पाळकभाऊंनी तिला भर प्रार्थनेत जाब विचारला, तेव्हा ती म्हणाली, ‘भाऊ, पोरनी वेणी देवले दिसस, मंग तुमना कलप दिसत नही का?’ बाया पदरात तोंड घालून हसल्या. पुढच्या रविवारपासून पहिलं गाणं तिच्याकडून काढून घेतलं नि तिला सगळ्यांच्या मागं, दाराजवळ बसायला सांगितलं. मरेपर्यंत ती तिथंच बसली.

पुढे मी धुळ्याला कॉलेजात गेले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, आणि हे सांगताना मला अजिबात संकोच वाटत नाही. होस्टेलवर तो शास्त्रभाग नीट वाचला. बाहेरून नटण्यापेक्षा मन सौम्य असावं, एवढाच त्याचा रोख. शाळेच्या रिबिनीचा तिथं काय संबंध? सुटीत तावातावानं फुईला सांगितलं, म्हटलं, ‘चल, दाखवू त्यांना.’ ती भाकरी थापत होती. ‘माले माहीत शे,’ म्हणाली. मग जातेस कशाला तिथं? ‘मी देवना घरमा जास, त्यासना नही.’ मला तिचा रागच आला. अजूनही येतो. हिला बोलता येत होतं, एकदा बोललीही, मग इतकी वर्षं गप्प का?... त्या गप्प राहण्याचंच शेवटी ‘आज्ञाधारक’ झालं.

माती झाल्यावर मी पाळकभाऊंना गाठलं. म्हटलं, ‘एवढंच सांगा सगळ्यांना, की माझ्या शाळेसाठी ती तुमच्याशी भांडली आणि तुम्ही तिला मागं बसवलं.’

त्यांनी आवाज खाली घेतला. ‘ताई, गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये.’

‘यात तिचं वाईट काय होतं, भाऊ?’

त्यांनी हात जोडले नि चहाकडे वळले.

गेल्या रविवारी मी मुद्दाम प्रार्थनेला गेले. पुढे बसलेल्या बायांनी गाणं फार वरच्या पट्टीत धरलं, दुसऱ्या कडव्यालाच सगळ्यांचे आवाज फाटायला लागले. पूर्वीही असं व्हायचं. मग दाराजवळून फुईचा जाडसर आवाज यायचा आणि कुणी काही न सांगता सगळी मंडळी तिच्या सुरावर उतरायची. या वेळी गाणं मध्येच थांबलं. पाळकभाऊंनी मान उंच करून दाराकडे पाहिलं... बघू देत.