पेढ्यांचा काय दोष

"सर, हे लई शहाण्यासारखं वागतंय." चष्मा कपाळावर सरकवून मॅडम पडद्यावरच्या आलेखाबद्दल असं म्हणाल्या की मी चहाचा कप खाली ठेवायचो. काहीतरी बिघडलेलं असणार हे नक्की.

मॅडम आणि मी विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायचो. परदेशात जमिनीखाली कणांच्या टकरी घडवणारा एक मोठा प्रयोग चाले, त्यात आमचा विभागही होता. टकरी इतक्या होतात की सगळ्या साठवणं शक्य नाही. कुठली ठेवायची, कुठली सोडायची हे तिथली यंत्रणा क्षणात ठरवते. तिला ट्रिगर म्हणतात. ती नीट निवडतेय ना, आलेली माहिती भरवशाची आहे ना, यावर जगभरातून पाळीपाळीनं नजर ठेवली जाई. तिकडची सकाळ म्हणजे आपली दुपार. फुलंब्रीहून एसटीनं येऊन मॅडम ती पाळी करायच्या.

एकदा आलेख अगदी पुस्तकात छापावा असा आला. मी खुश. मॅडम म्हणाल्या, "जित्या माणसाची नाडी अशी नसती." बघितलं तर चित्र गोठलेलं, नवी माहिती येणंच थांबलं होतं. मंडईतही हाच खाक्या. एकसारखी चकचकीत वांगी त्या घेत नसत. ढिगात एखादं किडकं दिसलं की त्यांचा जीव भांड्यात पडे.

अशी संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण बहुतेकांचा संशय दुसऱ्यांपुरता असतो.

एका उन्हाळ्यात मॅडमच्या स्वतःच्या अभ्यासात, जिथं रेष सपाट हवी तिथं, छोटासा उंचवटा दिसू लागला. कदाचित आजवर कुणालाच न सापडलेला कण! त्या काही बोलत नसत, पण वर्गावरून येताना गुणगुणायच्या. त्यांच्या मिस्टरांनी तर न राहवून पेढे आणून ठेवले.

मग एका दुपारी त्या मागचे आलेख पुन्हा उघडून बसल्या. टकरी टिपणाऱ्या उपकरणाचा एक कोपरा मध्यंतरी काही दिवस उगाचच खोटे संकेत देत होता, आणि ट्रिगर त्यांनाच टकरी समजून साठवत होता. उंचवटा नेमका त्याच दिवसांतला.

"तिकडचं कुणीतरी तपासेलच की," मी म्हणालो. "तुम्ही कशाला घाई करता?"

"आणि नाय तपासलं तर?"

"तर निदान तुमचं नाव होईल, मॅडम."

"दुसऱ्या कुणाचं काम असतं तर मी आत्तापर्यंत कळवलं असतं. व्हय का नाय?"

त्यांनी तिकडच्या पाळीप्रमुखाला व्हिडिओवर गाठून सगळं शांतपणे दाखवलं. ते दिवस बाद झाले. ती माहिती गाळून आलेख पुन्हा काढला, तेव्हा रेष सपाट होती. मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा माझ्यापुढं धरला. "घ्या. पेढ्यांचा काय दोष?" डोळे सुजलेले होते, पण स्वतःही दोन खाल्ले.

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत मॅडम आजारी पडल्या, आणि त्यातून उठल्या नाहीत. त्यांचा अर्धा राहिलेला शोधनिबंध आम्ही पुरा केला. छापून आल्यावर प्रत घेऊन मी फुलंब्रीला गेलो. मिस्टर ओट्यावर बसले होते.

"काय सापडलं यात?"

"काही नाही सापडलं. तिथं काही नाही, एवढं पक्कं झालं."

"बरं झालं. तिला अर्धवट काही चालत नव्हतं."

प्रयोगातल्या जगभरच्या सगळ्यांचीच नावं लेखक म्हणून देतात, त्यामुळं ती पानंच्या पानं होती. मी दाखवायला वाकलो तर त्यांनी मला हातानंच थांबवलं आणि एकेक नाव स्वतः वाचत गेले. शेवटी सापडलं. नावापुढं बारीकशी खूण होती.

"हे काय?"

"माणूस हयात नसलं की तिथं तशी खूण करतात."

"तिकडंबी कळलंय म्हणायचं," ते म्हणाले, आणि पानं वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांवर तळहात ठेवून तसेच बसून राहिले.