सरांचं पोट आणि पोरांचं वर्ष

भरारी पथकात काम केलं की कॉपीच्या चिठ्ठ्या कमी आणि किस्सेच जास्त सापडतात! ऐंशीच्या दशकात दहावीच्या परीक्षेला आम्ही जळगाव-धुळ्याची केंद्रं जीपनं पालथी घालायचो. पथकप्रमुख चौधरी सर, सोबत कुलकर्णी मॅडम आणि मी. सरांनी चिठ्ठी धरली की पोराचं वर्ष गेलंच. माझा संशय मात्र पोरांपेक्षा सरांच्या पोटावर!

*

भडगावला सर उपाशीपोटी वर्गात शिरले. बघता बघता तीन पोरं उभी! एक रडवेला होऊन म्हणाला, "सर, मी फक्त मागं पाहिलं."

"का पाहिलंस?" सर कडाडले.

पुढच्या पेपरला तिथल्या शिपाई नानांनी आम्हाला दारातच गाठलं. "सर, पहिले जेवी ल्या. बठ्ठं गरम शे!" सगळं खरंच गरमागरम: भरीत, कळण्याची भाकरी, वर ताक. मग सर वर्गातून फिरले ते अर्धवट मिटल्या डोळ्यांनी. "शिस्त आहे हो इथं!" नाना साधे दिसायचे, पण मला नाही वाटत ते साधे होते.

*

ही बातमी जीपच्या आधी पोचू लागली. धुळ्याकडच्या एका केंद्रावर तर पेपर सुरू होण्याआधीच मांडे!

मॅडम कुजबुजल्या, "इथं काहीतरी मोठं चाललंय."

सरांनाही संशय आला. "एवढं तूप कशासाठी?" असं दरडावून विचारलं आणि दुसरा मांडा वाढून घेतला.

*

एका शाळेत पत्र्याखाली वर्ग भरला होता. सर दारातूनच परतले. "या उकाड्यात कॉपी करायची कुणाची ताकद आहे?"

शेजारच्या वर्गात पंखा होता. तिथं पोरांचे मोजेसुद्धा उलटे करून पाहिले!

*

मग सरांना मुतखडा झाला. तोवर त्यांचा नियमच होता, "पेपरात दोनदा बाहेर जाणारा चोर!" अमळनेरला एक पोरगी तिसऱ्यांदा उठली. केंद्रप्रमुख म्हणाले, "सर, अडवा हिला."

कमरेवर हात दाबून सर म्हणाले, "जाऊ द्या हो. थांबवता येत नसतं ते."

मॅडमना काही पटलं नाही. पोरगी परतताच त्या बाथरूममध्ये जाऊन आल्या, हातात चिठ्ठी! पोरगी पांढरीफटक. मला तिची फार दया आली, पण सरांपुढे बोलायची हिंमत नव्हती.

सरांनी चिठ्ठी घेतली आणि न वाचताच खिशात घातली. "माझी आहे. मघाशी तिथं पडली असेल."

"सर, ते मुलींचं बाथरूम आहे!"

"मॅडम," सर म्हणाले, "मला फार घाई झाली होती."