आतेची पॅलेट आणि मुंबईचे परीक्षक

अर्ज भरायची हौस मला होती. आतेला नव्हती. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे जे झालं त्यात मी सगळा दोष इतरांवर ढकलायचा पुष्कळ प्रयत्न केला आणि एकाही घरात तो खपला नाही.

श्रीवर्धनात माझं चित्रकलेच्या साहित्याचं दुकान आहे. निदान पाटीवर तसं रंगवलंय. खपतात मात्र प्रोजेक्टचे चार्टपेपर, रांगोळीचे रंग आणि गणपतीच्या आधी सोनेरी रंगाच्या बाटल्या. एकदा मी आतेकडे, म्हणजे वडिलांच्या धाकट्या बहिणीकडे, चहाला बसून कुरकुरत होतो की प्लॅस्टिकच्या पॅलेटवर जलरंग पसरतच नाही, त्याचे थेंब होऊन इकडेतिकडे पळतात, आणि मुलं ती पॅलेट माझ्या काउंटरवर आणून आपटतात.

आते तेव्हा विऱ्यांच्या पत्रावळ्या करत होती. पोफळीच्या झावळीच्या बुडाशी चामड्यासारखी रुंद साल असते ती विरी. ती भिजवायची, गरम साच्यात दाबायची, की झाली पत्रावळ. आतेनं माझं रडगाणं ऐकलं, स्वयंपाकघरातून आप्पेपात्र आणलं आणि म्हणाली, "अशा खळग्या पायजेत ना तुझ्या रंगाला?" आठवड्याभरात तिनं आप्पेपात्राच्या नमुन्यावर लोहाराकडून साचा करून घेतला. दाबून निघालेल्या विरीला भाताच्या पेजेचा हात दिला. मी त्यावर निळा रंग टाकला, तो असा शांत पसरला की मी तिथंच नाचलो. आते म्हणाली, "बस खाली. पन्नाशी आली तुझी."

एवढ्यावर थांबलो असतो तर मी शहाणा ठरलो असतो. पण कलासाहित्याच्या धंद्यातल्या नव्या कल्पनांना पुरस्कार देणाऱ्या एका संस्थेचा अर्ज माझ्या मोबाइलवर आला. त्याच सुमाराला माझ्या आतेभावाच्या डोक्यात खोल्या आल्या. आमच्या किनाऱ्यावर हल्ली ज्याच्या दारात चार नारळ आहेत तो पर्यटकांसाठी खोल्या बांधतो. याची नजर आतेच्या विऱ्या दाबायच्या शेडवर होती.

"दादा, सरळ सांगतो," तो मला म्हणाला. "आईला पुरस्कार मिळाला तर शेड तिची. न्हाय मिळाला तर दिवाळीच्या आत तिथं दोन खोल्या. एसी, आतच बाथरूम. ह्या वयात तिनं विऱ्या दाबत बसायचं म्हणजे लोक मला नावं ठेवतात."

आतेनं साच्यावरची धूळ पदरानं पुसली. नवरा गेल्यानंतर ती शेड हीच तिची स्वतःची जागा होती. घरात टीव्ही सुनेचा, ओटा सुनेचा, आणि व्हरांडा पर्यटकांचा.

मग मी अर्ज भरायला बसलो. काय ते प्रश्न! लिहिणाऱ्याला कोणीतरी आठवडाभर वेंगुर्ल्याच्या काजूच्या दारूवर ठेवला असावा.

"आते, विचारतायत की तुमच्या नवकल्पनेमुळे कोणती प्रस्थापित व्यवस्था मोडीत निघाली?"

"माझी कंबर. लिही."

"पुढच्या पाच वर्षांत तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

"हितंच. गुडघे धड न्हायत, जाणार कुठं?"

मी हे सगळं शुद्ध मराठीत, भरपूर अलंकार घालून लिहिलं. कंबरेचा 'पारंपरिक श्रमपद्धतीचा कणा' केला. मला स्वतःचाच अभिमान वाटला. आणि अर्ज पुढच्या फेरीत गेला! मुंबईहून दोन परीक्षक प्रत्यक्ष पाहणीला येणार, असा निरोप आला.

आता माझ्या चुकीकडे येतो. आदल्या दिवशी मी आतेला फोन केला आणि नाटकातल्या राजासारखा आवाज काढून म्हणालो, "आते, पाहुणे मोठे आहेत. वस्तू कशी चकचकीत दिसली पाहिजे!"

आमच्याकडे पाहुणा यायचा असला की घरातलं जे जे लाकडाचं, सालीचं, ते सगळं खोबरेल तेलानं पुसतात. पाट पुसतात, विळीचा पाट पुसतात, देव्हारा पुसतात, नातवंडांची डोकीही त्याच हातानं उरकतात. मी लहानपणापासून हे पाहत आलोय. तरी चकचकीत म्हटल्यावर आते काय करेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

परीक्षक आले. एक बाई होत्या, स्वतः चित्रं काढणाऱ्या, बोटांना रंगाचे डाग. दुसरे साहेब होते, त्यांच्या शर्टाला इस्त्री इतकी कडक की ते वाकले तर मोडतील असं वाटावं. शेडमध्ये टेबलावर बारा पॅलेट मांडलेल्या होत्या. काय चमकत होत्या! मी मोठं स्वागतपर भाषण ठोकलं. "प्लॅस्टिकवर रंग पळतो, बाई! आमच्या विरीवर रंग नांदतो!"

बाईंनी ब्रश भिजवला, लाल रंग घेतला आणि पॅलेटवर टेकवला. रंगाचा टपोरा थेंब झाला आणि अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा घरंगळत खाली गेला. बाईंनी दुसरी पॅलेट घेतली. तोच प्रकार. तिसरीवरचा थेंब साहेबांच्या बाहीवर.

मी पॅलेटला नाक लावलं. खोबरेल.

"आते! तेल लावलंस?"

"मग? मुंबईच्या पाव्हण्यांपुढं कोरडी ठणठणीत वस्तू ठिवायची व्हय? तूच बोललास ना चकचकीत?"

"अगं, चकचकीत म्हणजे..."

"म्हणजे काय?"

आतेभाऊ दाराला टेकून उभा होता. तो हसला नाही, याचं मला जास्त दुःख झालं. मी पुन्हा भाषण सुरू केलं, हवामान, आर्द्रता, समुद्राची खार, जे सुचेल ते. साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले की दिघीची जेट्टी गाठायची आहे, पलीकडे मुरुडलाही एक पाहणी आहे.

"तू गप ऱ्हा जरा," आते मला म्हणाली. मग बाईंकडे वळली. "ताई, अर्धा तास बसाल? भिजवलेल्या विऱ्या हायत. तुमच्यासमोर दाबते."

बाई बसल्या. साहेबांना बसावं लागलं, कारण गाडीची चावी बाईंकडे होती. आतेनं विरी पुसली, साचा तापवला, सगळा भार देऊन दांडा खाली ओढला. वाफ निघाली. दाबलेली पॅलेट तिनं कडेनं कापली, पेजेचा हात दिला, पंख्याखाली धरली. बाईंनी पुन्हा लाल रंग घेतला. या वेळी तो खळगीत नीट पसरला, कडेला फिका होत गेला. मग बाईंनी पेजेबद्दल विचारलं, किती पातळ, कुठल्या तांदळाची, आणि आते मन लावून सांगत राहिली. त्या दिवशी त्यांची दिघीची बोट चुकली.

महिन्याभरानं निकाल आला. पहिला पुरस्कार मोबाइलला जोडायच्या कुठल्याशा ब्रशला. आतेला उत्तेजनार्थ. परीक्षकांच्या शेऱ्यात लिहिलं होतं की कल्पना उत्तम, पण सादर केलेले नमुने सदोष.

"उत्तेजनार्थ म्हणजे पुरस्कार न्हाय, दादा," आतेभाऊ म्हणाला. मी तासभर वाद घातला. प्रमाणपत्रावर पुरस्कार हा शब्द छापलेला दाखवला, बोट ठेवून दाखवला. तो शांतपणे गवंड्याला फोन लावत होता. आता त्या शेडच्या जागी दोन खोल्या आहेत, आणि एका खोलीत आतेचं प्रमाणपत्र फ्रेम करून टांगलंय. पुण्याचे पर्यटक त्याच्यासोबत फोटो काढतात.

खोल्यांचा पाया खणायला घेतला त्या सकाळी मी दुकान उघडत होतो. दारात तीनचाकी टेंपो थांबला. मागे साचा, विऱ्यांचे भारे, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी आते.

"नमुने कुणामुळं सदोष झाले?" तिनं उतरायच्या आधीच विचारलं.

"माझ्यामुळे," मी म्हणालो.

"मग मागची खोली रिकामी कर."

आज माझ्या दुकानाला भिजलेल्या विऱ्यांचा आंबूस वास येतो. चार्टपेपरला वाफेनं बाक आलाय. पेज खायला झुरळं येतात ती येतात, शिवाय जाताना माझे खडूही कुरतडतात. गिऱ्हाईक आत शिरलं की मला ओलांडून थेट तिला विचारतं, "आते, पॅलेट हाय का?" काल तिनं सांगितलं की साच्याला उजेड कमी पडतो, तेव्हा माझं काउंटर खिडकीपासून हलवावं लागेल. मी चांगला कडाडून नाही म्हणालो. मग काउंटरचं एक टोक मी धरलं, दुसरं तिनं.