निळ्या अंड्यांवरचं काजळ

हरी गेल्याचा निरोप घेऊन ब्राह्मणपुरीचा माणूस नंदुरबारला आला, तेव्हा आमच्या अंगणात मिरच्या वाळत होत्या आणि माझी बायको रखमा त्या खालीवर करत होती. ब्राह्मणपुरी तिचं माहेर, आणि हरी तिचा सख्खा थोरला भाऊ. माणसाने पुरतं सांगायच्या आतच तिला कळलं. तिखटाने भरलेले हात तिने तसेच डोळ्यांना लावले आणि मग ती कशाने रडते आहे हे कोणाला सांगता येईना. मी मात्र खांबाला धरून उभा होतो, आणि खरं सांगायचं तर, पहिल्या क्षणी मला हायसं वाटलं होतं... इतक्या वर्षांच्या मित्राच्या मरणाने हायसं का वाटावं, तेच आज सांगायला बसलो आहे.

हरी कळसाडीच्या शाळेत मास्तर होता. घरची जमीन होती, तिच्यात त्याचं मन कधी रमलं नाही. त्याला वेड पाखरांचं, त्यातही दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या पाखरांचं. कावळ्याच्या घरट्यातलं कोकिळेचं अंडं कावळ्याच्या अंड्यासारखंच हिरवट आणि तपकिरी ठिपक्यांचं का, आणि सातभाईच्या घरट्यातलं पावशाचं अंडं मात्र सातभाईच्या अंड्यासारखं निळंशार का, हे तो मला बांधावर उभं करून तास तास समजावत असे. "दाजी, या पाखरूनं डोकं दखा. जेन्हं घर, तेन्हाच रंग!" असं म्हणून स्वतःवरच खूश होऊन हसायचा. मी मामलेदार कचेरीतला कारकून. मला ऊन लागत असे आणि भूक लागलेली असे.

हरीचं घर कडक शाकाहारी. अंडं हा शब्द स्वयंपाकघरात उच्चारायची सोय नव्हती. हरी घरटी बघून आला की आई त्याला विहिरीवर अंघोळ करायला लावी, मगच ओसरीवर घेई. गावाने त्याचं नाव अंडीमास्तर ठेवलं होतं. तो कोणावर रागावला नाही. पावसाळाभर शाळेच्या आधी आणि नंतर तो त्याच त्या बाभळीखाली जाऊन बसायचा. सातभाईच्या घरट्यात आज तीन अंडी, उद्या त्यातलं एक नाहीसं आणि त्या जागी एक नवं, तसंच निळं पण जरा मोठं. त्या नव्या अंड्याला तो काजळाचा बारीक ठिपका लावी. शाईच्या वासाने पाखरू घरटं सोडील म्हणून काजळ. मग ठिपक्याच्या अंड्यातून काय निघतं ते बघत बसायचं. दर खेपेला पावशाच निघाला, तोही सातभाईच्या पिलांच्या आधी. पुढे पुढे त्याला ठिपक्याचीही गरज उरली नाही. "डोया मिटा नि हातमा ल्या. जड लागस ना? तेन्हं कवच जाड ऱ्हास." मी डोळे मिटून घेतले होते. मला काही लागलं नाही, पण मी हो म्हणालो.

पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. सातपुड्याकडे दौऱ्यावर येणारा एक गोरा अधिकारी विलायतेतल्या पक्ष्यांच्या मासिकात लिहीत असे. हरीचं बोलणं मी त्याला इंग्रजीत सांगितलं. साहेब माझ्याकडे बघतच नव्हता, हरीच्या तोंडाकडे बघत होता, जणू इंग्रजी हरीच बोलत होता. शेवटी म्हणाला, पुरावा पाठव, खरा निघाला तर तुझ्या नावानिशी छापीन. असूया वाटली नाही असं मला म्हणवत नाही. आमच्या दोन्ही घरांत इंग्रजी येणारा मी एकटा, आणि नाव होणार होतं ते याचं.

हरीने चार घरट्यांतली चौदा अंडी गोळा केली. बाभळीच्या काट्याने भोक पाडून आतलं फुंकून काढलं आणि कापूस अंथरलेल्या पेटीत ती मांडली. चारांवर काजळाचा ठिपका, ती पावशाची. बाकीची सातभाईची. पेटी त्याने माझ्या घरी आणून ठेवली आणि शाळा होती म्हणून लगेच तापी ओलांडून परत गेला. मी इंग्रजीत पत्र लिहायचं, आणि दुसऱ्या दिवशी साहेबाचा पट्टेवाला पेटी घेऊन गाडीत बसणार. साहेब रजेवर विलायतेला निघाला होता.

सकाळी पेटी उघडली तर चौदाही अंड्यांवर ठिपका!

रखमा तेव्हा सोळा वर्षांची असेल. न्हाऊन, ओल्या केसांनी, ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. "भाऊनी अंडी परमुलुखमा जाई ऱ्हायनीत," ती म्हणाली. "चार अंडासले तीट व्हती, बाकीनी तशीच. नजर लागी जाती ना... मी लायी दिधी." जन्मात जिने अंड्याला बोट लावलं नव्हतं, त्या पोरीने भावासाठी दहा अंडी हातात घेतली होती, आणि मग अंघोळ केली होती. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी पेटीचं झाकण लावून घेतलं.

ती आत गेल्यावर मी ओल्या फडक्याने सगळे ठिपके पुसले. डोळे मिटून एकेक अंडं तळहातावर घेतलं. सगळी सारखीच. ज्या सारखेपणाने सातभाई जन्मभर फसतात, त्याच सारखेपणाने मी फसलो, आणि मी तर मॅट्रिक होतो! पट्टेवाला दारात खाकरत होता. हरीला बोलवायचं तर दोन दिवस. साहेबाला खरं लिहायचं तर बायकोच्या अडाणीपणाची जाहिरात. मी अंदाजाने चार अंड्यांवर काजळ लावलं आणि पेटी देऊन टाकली. हरीला यातलं एक अक्षर सांगितलं नाही. रखमालाही नाही.

काही महिन्यांनी पेटी परत आली. सोबत साहेबाच्या चार ओळी. खूण केलेली अंडी तोलून पाहिली, ती सातभाईचीच आहेत, मास्तर कल्पना चांगल्या करतो. मी हे मऊ करून मराठीत सांगितलं. हरीने खुणेचं एक अंडं उचललं, तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले. मग ते जागच्या जागी ठेवून झाकण लावलं. "बरं," एवढंच म्हणाला. त्यानंतर माझ्यादेखत त्याने पाखराचं नाव काढलं नाही. दिवाळीला यायचा, बहिणीला साडी आणायचा, माझ्याशी पाऊसपाण्याचं बोलायचा. आपलीच नजर चुकली असं त्याला वाटतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली. बहिणीच्या मायेने भावाचं नाव बुडालं हे त्याला कळण्यापेक्षा ते बरं, असंही म्हणत राहिलो. भित्र्या माणसाला मोठी कारणं लवकर सापडतात.

दहाव्याला कावळा पहिल्याच झटक्यात शिवला. लोक म्हणाले, मास्तरची काही इच्छा राहिली नव्हती. स्वतःच्या घरट्यातलं परकं अंडं ज्याला ओळखता येत नाही, त्याला माणसाच्या मनातलं काय कळणार!

घरी परतल्यावर हरीची बायको ओसरीवर आमच्यासमोर बसली. पदर सावरून, नवऱ्याचं नाव न घेता म्हणाली, "दाजी, आते बोली टाकस. त्या सांगेत, 'दाजीसनीच खुना बदली टाक्यात. मन्हं नाव व्हवावं हाई त्यासले नको व्हतं. पन बहीन त्यासले देयेल शे, तोंड उघाडीसन काय करू?'"

म्हणजे हरीची नजर चुकली नव्हतीच. अंडं हातात घेताक्षणी त्याला सगळं समजलं होतं, फक्त माणूस चुकीचा समजला. बहीण अंड्याला हात लावील हे त्याच्या स्वप्नातही आलं नसतं. मग उरलो मी. तिच्यासाठी मी गप्प होतो, तिच्यासाठीच तोही गप्प होता, आणि एवढी वर्षं तो माझ्या पंगतीला बसून मला वैरी समजत जेवत होता.

रखमाने माझ्याकडे पाहिलं. खुणा म्हणजे कोणत्या, हे तिला ठाऊक नव्हतं. "खरं शे का?" तिने विचारलं. "तुम्ही करं हाई?"

खरं सांगितलं असतं तर मी सुटलो असतो आणि उरलेला जन्म तिला स्वतःची बोटं बघवली नसती. "हो," मी म्हणालो.

ती अजून ब्राह्मणपुरीलाच आहे. मागच्या आठवड्यात तिला आणायला गेलो. घराच्या मागे हरीची लहानशी खोली आहे, तिच्या खिडकीत तो शेवटपर्यंत रोज सकाळी बाजरी टाकत असे, हेही मला तेव्हाच कळलं. रखमा तिथे उभी राहून दाणे टाकत होती. बाहेर सातभाईंचा कालवा चालला होता. मी दारात उभा राहिलो. "तुम्ही जा," मागे न वळता ती म्हणाली. मी एकटाच परत आलो.

तिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून हे इथे लिहिता आलं. ज्यांना वाचता येतं, त्यांनी कृपा करून तिला वाचून दाखवू नये.