खिडकी उघड वं पोरी!

पन्नाशीला टेकले आणि अंगात भट्टी पेटली. पाळी लांबत लांबत गेली ती गेलीच, तिच्या जागी हा जाळ आला. थंडीतसुद्धा भाकरी थापताना मान, कान, टाळू सगळं तापायचं आणि मी ओरडायची, "खिडकी उघड वं पोरी!" पोरीला जरा उशीर झाला की तिचा उद्धार. नवरा तर ताट घेऊन अंगणातच जेवू लागला. नंतर मला माझीच लाज वाटायची, पण तोंड काही माझं ऐकत नव्हतं.

पुसदच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "आजार नाही, वय आहे. रोज चाला, जवस-तीळ खा, शतावरी घेतली तरी चालेल." आमच्या शेजारी गॅरेजवाल्याची बायको राहते, तिला सगळे आपा म्हणतात; तिचीही तीच गत होती. ती म्हणाली, "भाभी, अकेली दवाई क्या करेगी? साथ में चलेंगे."

मग रोज सकाळी आम्ही दोघी फुलसावंगीच्या रस्त्यानं हात हलवत निघालो. पण आमच्याकडं बिनकामाचं चालतं कोण? प्रत्येक मोटरसायकल थांबायची. "काकू, कुठी चालल्या? बसा, सोडून देतो." "कुठीच नाई," म्हटलं की समोरचा असा पाहायचा, जणू दोघी घरी भांडूनच निघाल्या. शेवटी आपानं युक्ती काढली, हातात विळा घ्यायचा. विळा दिसला की कोणी विचारेना. मग रिकाम्या हातानं परत कसं यायचं, म्हणून गवताचा भाराही आणू लागलो. व्यायाम दुप्पट आणि म्हैस खूश.

म्हैस आणखीही एका कारणानं खूश होती. शतावरीचा डबा मी चुकून तिच्या सरकीच्या ढेपेजवळ ठेवला आणि नवऱ्यानं आठ दिवस तिलाच मूठमूठ चारली. "मले काय मालूम? शतावरी म्हशीलेच देतेत ना! पाह्य, दूध कसं वाढलं!" मी कपाळावर हात मारला. आपा हसून हसून बांधावर बसली. खरं सांगते, त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मीही पोट धरून हसले.

अशात पोरीला पाहायला मारेगावहून पाहुणे आले. पोरगा चांगला, पण त्याची आई! कपाळाला आठ्या, तोंड लालबुंद, पोह्यांची बशी तिनं बाजूला सारली. त्यातच लाईन गेली, पंखा थांबला. प्रश्न विचारणं चालू असताना आमची पोरगी मध्येच उठली, चुलीपासून मला एवढंच दिसलं. झालं, म्हटलं, मोडलं. पण जाताना ती बाई एवढंच म्हणाली, "जमलं आपलं."

सोयरीक जमली आणि माझा जीव टांगणीला लागला. अशा तापट बाईच्या घरात माझी पोर कशी नांदायची? पोरीला म्हटलं, तर ती हसली. "आई, मले सवय हाय ना!" ते मला फार लागलं.

लग्न भर उन्हाळ्यात. जेवणं उरकली, बँड वाजू लागला आणि विहिणीनं माझा हात धरला. "या इहीणबाई, फुगडी!" विळ्याच्या त्या चालण्यानं गुडघे माझे तयार होते. गरगर फिरलो, बायका टाळ्या पिटत होत्या. अर्ध्यातच विहीण थांबली. तेच लाल तोंड, त्याच आठ्या. पदरानं वारा घेऊ लागली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"इहीणबाई, तुमालेबी?"

"दोन वर्सं झाले वो! त्या दिवशी तुमच्या घरी अंगाची नुस्ती लाही होऊन राह्यलती. लाईन गेली, वाटलं आता पडते. तुमच्या पोरीनं माह्या तोंडाकडं पाह्यलं, उठली, अन् माह्यामागची खिडकी उघडली. कोणी सांगतलंबी नवतं तिले. म्या तवाच ठरवलं, हेच पोरगी पायजे."

मला रडूच फुटलं. वर्षभर जिच्यावर खेकसले, ती मनात राग धरून नाही, माझं तोंड वाचायला शिकून निघाली होती.

"रडता कायले?" विहीण म्हणाली.

"काई नाई. शतावरी देते तुमाले. फक्त म्हशीपासून लांब ठेवा."

ती खदखदून हसली आणि आम्ही पुन्हा हात धरले. तेवढ्यात स्टेजवरून पोरीनं आम्हा दोघींची लाल तोंडं पाहिली आणि नव्या नवऱ्याला म्हणाली, "अवो, तो कूलर तिकडं फिरवा ना!"